पलटणीतून रक्तपेढीकडे : सातारा-सांगलीच्या माजी सैनिकांचे रक्तदान

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या माजी सैनिक संघटना रक्तदान शिबिरे भरवतात, गावोगावच्या दात्यांच्या याद्या ठेवतात आणि दवाखान्यातून रात्री-अपरात्री निरोप आला की माणूस पाठवतात. हे काम कुणा एका संस्थेने अमुक तारखेला सुरू केले असे सांगता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जाण्याची या भागाची रीत आणि एकाचे रक्त दुसऱ्याला देण्याचे शास्त्र, या दोन्हींची वाटचाल पहिल्या महायुद्धापासून जवळजवळ बरोबरीने झाली. विसाव्या शतकाच्या शेवटी ही दोन्ही एकत्र आली आणि हे काम उभे राहिले.

आजचे दोन्ही जिल्हे १९४९ पर्यंत एकच होते. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठ सुपीक असला तरी माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके अवर्षणाचे. वाट्याला आलेली दोन-चार एकर कोरडवाहू जमीन, घरात खाणारी तोंडे जास्त आणि हाती रोख पैसा नाही, अशा घरातल्या पोराला मुंबईची गिरणी किंवा फौज हेच दोन रस्ते दिसत. शिवकाळापासूनची लढाऊ परंपरा अभिमानाने सांगितली जाते आणि ती खरीही आहे. पण भरतीच्या रांगेत उभे राहणाऱ्या पोराच्या मनात पगाराचा आणि पेन्शनीचा विचारही असे. पहिल्या महायुद्धात १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. त्यांत सातारा, कोल्हापूर, पुणे आणि रत्नागिरी भागातले जवान मोठ्या संख्येने होते. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाने त्या एका युद्धात ४६ माणसे गमावली. गावात त्यांचे स्मारक आहे आणि गावाच्या नावामागे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा लागला आहे.

यांपैकी अनेक पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईनंतर जखमींची जी दशा झाली, तिची पुढे ब्रिटनमध्ये आयोग नेमून चौकशी करावी लागली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून आणि नंतर उघड्या नावांतून बसऱ्याकडे आणले जात होते. वाटेत मलमपट्टी नव्हती, पुरेसे पाणी नव्हते. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी त्यानंतर कुतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी बाकीच्या फौजेबरोबर तुर्कांच्या हाती सापडल्या. आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधपाणी, डॉक्टर आणि वाहने यांच्या तुटवड्यावर त्यात कठोर ताशेरे आहेत. रक्ताचा प्रश्न त्या रणभूमीवर कुणाच्या मनातही आला नसेल. अंगातून रक्त वाहून गेलेल्या जवानाला दुसऱ्याचे रक्त देण्याची सोय तिथे नव्हतीच.

शास्त्र मात्र त्याच वर्षांत पुढे सरकत होते. कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी रक्तगट शोधून काढले होते. १९१४ मध्ये ब्रुसेल्समध्ये आल्बर्ट ह्युस्टिन आणि ब्युनोस आयर्समध्ये लुईस अगोते यांनी सोडियम सायट्रेट मिसळून रक्त गोठू न देता ते रुग्णाला देऊन दाखवले. तोवर दाता आणि रुग्ण यांना शेजारी-शेजारी निजवून रक्त द्यावे लागे. सायट्रेटमुळे दाता आणि रुग्ण एकाच ठिकाणी असण्याची गरज उरली नाही. १९१७ मध्ये ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकी लष्करी डॉक्टरने पश्चिम आघाडीवर बाटल्यांत रक्त साठवून बर्फाच्या पेट्यांतून जखमींपर्यंत नेले. रक्तपेढीची कल्पना अशी रणांगणावर जन्माला आली, आणि तिथे रक्त देणारेही सैनिकच होते.

दुसऱ्या महायुद्धात ही व्यवस्था मोठी झाली. ब्रिस्टल येथे लायोनेल व्हिटबी यांच्या देखरेखीखाली लष्कराचे रक्तकेंद्र चालू होते. तिथून रक्तद्रवाची भुकटी भरलेल्या बाटल्या दूरदूरच्या आघाड्यांवर जात. भुकटीत निर्जंतुक पाणी घातले की रक्तद्रव तयार होई, त्यामुळे ती वाळवंटातल्या उष्णतेतही टिके. मराठा पलटणी एरिट्रियात केरेनला, उत्तर आफ्रिकेत आणि पुढे इटलीत लढल्या. नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या आणि शिपाई नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या इटलीतल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मेसोपोटेमियात गाडीत तळमळणारा जवान आणि इटलीत आघाडीमागच्या दवाखान्यात उशाशी बाटली टांगलेला जवान, यांच्यात जेमतेम तीस वर्षांचे अंतर होते. कधी न पाहिलेल्या माणसाचे रक्त आपला जीव वाचवू शकते, ही गोष्ट खेड्यात कुणी ऐकलीही नव्हती तेव्हा फौजेत ती डोळ्यांसमोर घडत होती.

भारतातली पहिली रक्तपेढी याच युद्धाच्या गरजेतून निघाली. मार्च १९४२ मध्ये कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्थेत ती सुरू झाली आणि रेडक्रॉसने तिचा कारभार पाहिला. दाते बहुतेक सरकारी नोकर होते, स्वेच्छेने येत होते. युद्ध संपले तसा हा उत्साह ओसरला आणि दात्याला पैसे देऊन रक्त मिळवण्याची प्रथा रूढ झाली. पुढची पन्नास वर्षे देशाच्या रक्तव्यवस्थेला या प्रथेने ग्रासले. या इतिहासातली सर्वांत दुःखद गोष्ट कुठली असेल, तर ही. रिक्षा ओढणारे, व्यसनी, बेघर लोक दर काही दिवसांनी रक्त विकत. त्यांच्या अंगात रक्त उरत नसे आणि घेणाऱ्याला काविळीपासून गरमीपर्यंत कसलाही संसर्ग होऊ शके.

या प्रथेविरुद्ध महाराष्ट्रात जे प्रयत्न झाले, त्यांत लीला मुळगावकर यांचे नाव पहिले घ्यावे लागते. १९५४ पासून त्यांनी मुंबईत ऐच्छिक रक्तदानाची शिबिरे भरवायला सुरुवात केली. कारखाने, कचेऱ्या, महाविद्यालये, जिथे माणसे एकत्र सापडतील तिथे जायचे ही त्यांची पद्धत होती. आजचे प्रत्येक शिबिर याच पद्धतीवर चालते. १९६३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाच्या थोडे आधी, १९५२ मध्ये, डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच एक नवा रक्तगट नोंदवला. जगभर तो 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. साध्या तपासणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण या माणसाला ओ गटाचे रक्तही चालत नाही, त्याच गटाचा दाता शोधावा लागतो. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. दात्यांची नीट ठेवलेली यादी काय कामाची असते हे अशा रुग्णाच्या वेळी कळते.

स्वातंत्र्यानंतर सातारा-सांगलीचे फौजेशी नाते आणखी घट्ट झाले. देशातली पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनशी युद्ध चालू असताना, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांचा जन्म देवराष्ट्र्याचा, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातला, आणि कर्मभूमी कऱ्हाड. त्या युद्धाच्या वेळी देशभर लोकांनी संरक्षण निधीला सोने दिले आणि जवानांसाठी रक्त देण्यासाठी रांगा लावल्या. १९६५ आणि १९७१ मध्येही हेच घडले. शहरांतल्या मध्यमवर्गाने रक्तदान पहिल्यांदा मनावर घेतले ते या युद्धांमुळे. खेड्यांत मात्र रक्तपेढीच जवळ नव्हती. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेले मिशन रुग्णालय होते आणि १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तिथे आले, त्यामुळे सांगली भागाला मोठ्या शस्त्रक्रियांची सोय लवकर मिळाली. माणदेशातल्या बाळंतिणीला ती सोय अनेक तासांच्या अंतरावर होती.

माजी सैनिकांची संघटना बांधण्याचे सरकारी प्रयत्न पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासूनचे आहेत. त्या वेळी सैनिक मंडळे स्थापन झाली, त्यांचीच आजची रूपे म्हणजे केंद्रीय आणि राज्य सैनिक मंडळ, पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि प्रत्येक जिल्ह्यातले सैनिक कल्याण कार्यालय. पेन्शनीचे कागद, वीरपत्नींच्या सवलती, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी हे या कार्यालयाचे रोजचे काम. १९६४ मध्ये अखिल भारतीय पातळीवर इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग उभी राहिली. तिच्याखेरीज तालुक्या-तालुक्याला आणि मोठ्या गावांना माजी सैनिकांच्या स्वतंत्र संघटना आहेत. तिन्ही दलांतले लोक असले की नावात बहुधा 'त्रिदल' असते, आणि नोकरीतल्यांनाही सामावून घ्यायचे असेल तर 'आजी-माजी सैनिक संघटना' म्हणतात. या संघटना मुळात पेन्शनीच्या आणि हक्कांच्या प्रश्नांसाठी निघाल्या. रक्तदान त्यांच्या कामात नंतर आले.

ते येण्यामागे न्यायालयाचा एक निकाल आहे. १९८० च्या दशकात एड्सचा विषाणू भारतात आढळला आणि १९८९ मध्ये प्रत्येक पिशवीची एचआयव्ही तपासणी सक्तीची झाली. रक्तपेढ्यांच्या दुरवस्थेबद्दल 'कॉमन कॉज' या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ४ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य रक्तसंक्रमण परिषदा स्थापण्याचा आणि रक्त विकणाऱ्या दात्यांची पद्धत दोन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. सांगलीला या निकालाचे महत्त्व फार होते. ऊसपट्टा, मालमोटारींची वर्दळ आणि स्थलांतर यांमुळे हा जिल्हा एचआयव्हीच्या प्रादुर्भावाने त्या काळात होरपळला होता. 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून तिथे याच प्रश्नावर काम करत होती. रक्तातून आजार येईल या भीतीने लोक रक्त घ्यायला आणि गैरसमजातून रक्त द्यायलाही कचरत. निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुईने रक्त देताना देणाऱ्याला काही होत नाही, ही साधी गोष्ट पटवायला गावात विश्वासाचा माणूस लागत होता.

माजी सैनिक या जागी नेमका बसला. यामागे व्यवस्थेतले एक साधे गणित आहे. शिपायाला पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन लागू होते. अठरा-एकोणीस वर्षांचा भरती झालेला जवान पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीत येतो. त्याची प्रकृती तपासलेली असते, रक्तगट त्याच्या कागदपत्रांत नोंदलेला असतो, आणि कायद्याने रक्तदानाची वयोमर्यादा ६५ वर्षांपर्यंत आहे. पुरुषाला दर ९० दिवसांनी रक्त देता येते. अडतिसाव्या वर्षी घरी आलेला निरोगी फौजी कागदावर तरी शंभराहून अधिक वेळा रक्त देऊ शकतो. शिवाय त्याला रक्तदान नवे नसते. डोंगराळ आणि दुर्गम आघाड्यांवरच्या छोट्या लष्करी दवाखान्यांत मोठा साठा ठेवता येत नाही, म्हणून गरज पडली की आसपासच्या तुकड्यांतले त्याच गटाचे जवान बोलावून त्यांचे रक्त घेतले जाते. 'फलाण्या गटाचे कोण आहेत, पुढे या' ही हाक त्याने पलटणीत ऐकलेली असते आणि त्या हाकेला विचार न करता पुढे होण्याची त्याला सवय असते.

कारगिलच्या युद्धाने १९९९ मध्ये या सवयीला मोठे निमित्त दिले. मे ते जुलै या महिन्यांत देशभर जवानांसाठी रक्तदान झाले आणि माजी सैनिक त्यात आघाडीवर होते. तेव्हापासून २६ जुलैचा विजय दिवस हा शिबिराचा ठरलेला दिवस झाला. १६ डिसेंबरचा १९७१ चा विजय दिवस, ध्वजदिन, प्रजासत्ताक दिन, शिवजयंती आणि १९७५ पासून पाळला जाणारा १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन हेही असेच दिवस. अलीकडे १४ जानेवारीच्या माजी सैनिक दिनाची त्यात भर पडली. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये याच तारखेला निवृत्त झाले होते. गावातला जवान हुतात्मा झाला असेल तर त्याच्या स्मृतिदिनी शिबिर होते, आणि या सर्व शिबिरांत सगळ्यात मनापासूनचे तेच असते. वीरमाता आणि वीरपत्नी समोर बसलेल्या असतात, मुलगा ज्या शाळेत शिकला त्याच शाळेच्या वर्गात खाटा मांडलेल्या असतात. पुतळ्याला हार घालून परतण्यापेक्षा त्याच्या नावाने कुणाच्या तरी अंगात रक्त जावे, ही कल्पना गावाला फार लवकर कळते.

शिबिराची रीत सगळीकडे सारखीच असते. संघटना स्वतः रक्त काढू शकत नाही. परवानाधारक रक्तपेढीचे पथकच ते काम करते. संघटनेकडे जागा, माणसे, चहापाणी आणि शिस्त. सकाळी आठच्या आत देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेत सतरंज्या, टेबले आणि घडीच्या खाटा लागतात. आधी अर्ज भरायचा: जेवण झाले का, रात्री झोप झाली का, कसली औषधे चालू आहेत, मलेरिया किंवा कावीळ कधी झाली होती. मग वजन आणि रक्तदाब. वजन ४५ किलोच्या वर हवे. ३५० मिलिलिटरची पिशवी त्यावर चालते, ४५० मिलिलिटरच्या पिशवीसाठी ५५ किलोच्या वर वजन लागते. हिमोग्लोबिन पाहण्याची जुनी पद्धत लोकांना अजून नवलाची वाटते. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बोटाच्या रक्ताचा एक थेंब सोडतात. थेंब पंधरा सेकंदांच्या आत तळाला गेला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, म्हणजे रक्त देता येते. वर तरंगत राहिला किंवा मध्येच घुटमळला तर नाही. खाटेवर निजल्यावर हातात एक मऊ चेंडू देतात, तो दाबत राहायचा. पिशवी आठ-दहा मिनिटांत भरते. त्या वेळात पिशवी एका यंत्रावर सावकाश हलत असते, कारण आतले गोठणरोधक द्रावण रक्तात नीट मिसळावे लागते. नंतर थोडा वेळ पडून राहायचे, चहा-बिस्किट किंवा केळे खायचे आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जायचे. उसाच्या फडात मोळ्या वाहायला किंवा बैलगाडी हाकायला त्या दिवशी जायचे नाही, हे दोनदा बजावून सांगावे लागते.

खेड्यात मुख्य अडचण भीतीची. रक्त दिले की अशक्तपणा येतो, पुन्हा भरून येत नाही, कष्टाच्या माणसाने देऊ नये, असे समज घरोघरी असतात. वास्तविक शरीरातल्या सुमारे पाच लिटर रक्तातले हे साडेतीनशे मिलिलिटर. त्यातला पातळ भाग एक-दोन दिवसांत आणि तांबड्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात. ही माहिती पत्रकात छापून काम होत नाही. गावाने ज्याला वीस वर्षे 'फौजी' म्हणून ओळखले तो सुभेदार पहिल्या खाटेवर निजतो, उठतो आणि हसत सतरंज्या उचलायला लागतो, तेव्हा बाकीची पोरे बाह्या वर करतात. भरतीची तयारी करणारे तरुण तर या माणसाच्या पाठोपाठच असतात. सकाळच्या धावण्याच्या सरावाला जमणारी पन्नास-साठ पोरे शिबिराला एकदम मिळतात.

गोळा झालेल्या पिशवीचे पुढे तीन भाग होतात. तांबड्या पेशी २ ते ६ अंश तापमानात ठेवतात, त्या साठवण-द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात. रक्तद्रव उणे ३० अंशांच्या खाली गोठवला तर वर्षभर राहतो. प्लेटलेट मात्र सतत हलत्या ठेवूनही पाचच दिवस. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गरमी आणि मलेरिया या पाच तपासण्या झाल्याशिवाय पिशवी बाहेर जात नाही. या टिकण्याच्या मुदतीमुळेच एका दिवशी हजारो पिशव्या गोळा करणारी विक्रमी शिबिरे फारशी उपयोगाची नसतात. साठा एकदम फुगतो, महिन्या-सव्वा महिन्यात काही वाया जातो आणि नंतर तुटवडा येतो. उन्हाळ्यात महाविद्यालये बंद असतात, लग्नसराई आणि जत्रा चालू असतात, आणि एप्रिल-मेमध्ये दरवर्षी रक्तपेढ्या रिकाम्या पडतात. माजी सैनिकांच्या संघटनांचे खरे मोल इथे आहे. त्यांच्यापाशी गर्दी नसते, यादी असते. कोण कोणत्या गटाचा, शेवटचे रक्त कधी दिले, फोन नंबर काय, हे जिथे लिहून ठेवलेले आहे तिथे मे महिन्यातही वीस माणसे उभी करता येतात. महाराष्ट्रात वर्षाला सुमारे वीस लाख पिशव्या जमा होतात आणि देशात हे राज्य आघाडीवर आहे. तरीही निगेटिव्ह गटाच्या रुग्णाच्या नातेवाइकांना ऐन वेळी धावाधाव करावी लागते. हा दोष एकूण साठ्याचा नसून वेळेचा आणि जागेचा आहे.

गरज कुठे पडते हे नकाशावरून कळते. पुणे-बेंगळुरू महामार्ग खंबाटकी घाट उतरून सातारा, कऱ्हाड आणि पुढे वाळवा तालुक्यातून पेठ नाक्याकडे जातो. अपघातातल्या जखमींना पहिल्या तासात रक्त लागते. बाळंतपणातला रक्तस्राव, ऊसतोड कामगार स्त्रियांमधला रक्तक्षय, डेंग्यूच्या साथीतली प्लेटलेटची मागणी आणि दर दोन-चार आठवड्यांनी रक्त घ्यावे लागणारी थॅलेसेमियाची मुले ही बाकीची कारणे. रक्त वेळेत पोहोचवण्याचा एक सरकारी प्रयोग साताऱ्यातच झाला होता. १०४ क्रमांकावर फोन केला की शीतपेटीत पिशवी घेऊन मोटारसायकलस्वार निघे आणि चाळीस किलोमीटरच्या परिघातल्या रुग्णालयात तासाभरात पोहोचे. सातारा आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत चाचणी झाल्यावर जानेवारी २०१४ मध्ये ही 'जीवन अमृत' योजना राज्यभर लागू झाली. २०२२ मध्ये ती बंद पडली. डोंगरी आणि दुष्काळी तालुक्यांसाठी ती फार उपयोगाची होती, आणि ती बंद झाल्याने स्थानिक दात्यावरचा भार पुन्हा वाढला.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, शहराचा मोठा भाग बुडाला आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे दगावली. लष्कराच्या तुकड्या बचावाला आल्या तेव्हा पाण्याचे मार्ग, उंच जागा, अडकलेली घरे दाखवायला गावातल्या जाणत्या माणसांची मदत लागली. अशा वेळी रस्ते तुटतात आणि रक्ताचा पुरवठा जिल्ह्याबाहेरून होऊ शकत नाही. पुराच्या अलीकडच्या काठावर किती दाते आहेत यावरच सारे अवलंबून असते. पुढच्याच वर्षी कोरोनाने वेगळी परीक्षा घेतली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, महाविद्यालये आणि कारखाने बंद झाले आणि ठरलेली शिबिरे रद्द झाली. गर्दी चालत नव्हती. दाते वेळ ठरवून पाच-पाच, दहा-दहाने बोलवावे लागत होते. हे काम यादी असलेल्या छोट्या संघटनांनाच जमण्यासारखे होते. २०२१ मध्ये लस घेतल्यानंतर आधी २८ दिवस रक्त देता येत नव्हते, मे महिन्यात ही मुदत १४ दिवसांवर आली. त्याच महिन्यात अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण खुले झाले होते, म्हणून 'लस घेण्याआधी रक्त द्या' असे आवाहन करावे लागले.

या रक्ताचा लष्कराला थेट किती उपयोग होतो, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. सेनादलांची रक्तसंक्रमणाची स्वतःची व्यवस्था आहे. दिल्ली छावणीत त्यांचे केंद्र आहे आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. सातारा-सांगलीतल्या शिबिराची पिशवी सरहद्दीवर जात नाही. ती बहुधा त्याच जिल्ह्यातल्या रुग्णाला लागते. पण २००३ पासून लागू झालेल्या माजी सैनिक आरोग्य योजनेतून अनेक फौजी कुटुंबे स्थानिक रुग्णालयांत उपचार घेतात. मुलगा काश्मीरमध्ये किंवा अरुणाचलमध्ये ड्युटीवर असतो आणि इकडे वडिलांची शस्त्रक्रिया ठरते. रक्तासाठी धावायला घरात तरुण माणूस नसतो. त्या जवानाच्या जागी उभे राहणे हे संघटनेचे काम, आणि सीमेवरच्या माणसाला यापेक्षा मोठा आधार कोणता देता येईल? मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रुग्ण पुण्याच्या कमांड हॉस्पिटलला किंवा बेळगावच्या लष्करी रुग्णालयाला गेला, तरी तिथे राहणाऱ्या गाववाल्यांना निरोप जातोच. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला असल्याने त्या शहराशी या भागाचे येणे-जाणे जुने आहे.

संघटनांपुढची एक अडचण वयाची आहे. १९७१ चे युद्ध लढलेली पिढी केव्हाच ६५ ओलांडून गेली आणि कारगिलच्या काळातले अनेकजण त्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना रक्तपेढी बऱ्याचदा परत पाठवते. ही माणसे मग टेबलावर बसून अर्ज भरून घेतात, फोन करतात, नातवंडांना घेऊन येतात. स्त्रियांचा सहभाग अजून कमी आहे, कारण साडेबाराच्या वर हिमोग्लोबिन असलेल्या ग्रामीण स्त्रिया कमी भेटतात. काही शिबिरांत म्हणूनच रक्तदानाच्या टेबलाशेजारी हिमोग्लोबिन तपासणीचे वेगळे टेबल लावले जाते.

दुसरा प्रश्न नव्या भरतीचा आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत जवान चार वर्षांसाठी घेतला जातो आणि त्यानंतर चौघांपैकी जास्तीत जास्त एकाला कायम केले जाते. बाकीचे विशीत-पंचविशीत गावी परततील. लष्कराच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण २०२३ च्या आरंभी सुरू झाले. या परतणाऱ्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही, म्हणून सैनिक कल्याण कार्यालयाच्या नोंदवहीत त्यांचे नाव आपोआप येणार नाही. रक्तदानाच्या दृष्टीने त्यांच्यापुढे चाळीस वर्षे असतील आणि रक्तगट त्यांच्याही कागदावर असेल. त्यांना सभासद करून घ्यायचे की नाही, हे प्रत्येक तालुक्याच्या संघटनेला आपल्या घटनेत पाहून ठरवावे लागणार आहे.